तुळजाबाई आभार मानते

कोळवणच्या खोऱ्यात, ओढ्याच्या अलीकडं, ख्रिस्ती लोकांची पंधरा-वीस घरांची वस्ती होती. मधोमध कौलारू प्रार्थनामंदिर. वस्तीवर त्याला सगळे देऊळच म्हणायचे. त्या देवळाचा झाडू तुळजाबाईच्या हातात कुणी दिला हे कुणालाच सांगता आलं नसतं. पंचांनी तसा ठराव केला नव्हता, देवळाच्या कुठल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तिला विनंती केली नव्हती. लग्न होऊन ती वस्तीवर आली, पहिल्याच शनिवारी देवळात डोकावली, "हितं माणसं बसत्यात का शेरडं?" असं विचारलं आणि पदर खोचून कामाला लागली. तेव्हापासून देवळाची जमीन सारवायची ती, पाण्याचे माठ भरायची ती, कंदिलाच्या काचा राखेनं पुसायची तीच.

बाप्तिस्म्याच्या वेळी जुन्या पाळकांनी तिचं नाव टबीथा ठेवलं होतं. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, टबीथा फार सत्कृत्यं करायची म्हणून. पण ते नाव डोक्यावरच्या पाण्याबरोबरच वाळून गेलं आणि वस्तीनं तिला तुळजाबाईच ठेवलं. तसं म्हटलं तर दोघींत फरक एवढाच होता, की शास्त्रातली ती बाई सत्कृत्यं करताना काही बोलत असल्याचं लिहिलेलं नाही. तुळजाबाईचे हात चालू झाले की तोंडही चालू व्हायचं.

"हैबतरावांनी कुंपन घालतो म्हनून सांगितलं, त्याला दोन पावसाळं झालं. शेरडं येत्यात, लेंड्या टाकून जात्यात. उचलायच्या कुनी? तुळजानं. कोंडिबाची घंटा वाजती कवा, तर पयलं गानं संपल्यावर. धोंडाबाईला म्हनलं दोन घागरी आन, तर तिचा खांदा दुखतोय. जेवाया बसली की बरा हुतोय खांदा."

यातलं खोटं काही नसायचं. हैबतराव हे पंचांतले वडीलधारे, लष्करात हवालदार होते. कुठलंही काम निघालं की सगळ्यांच्या आधी उभं राहून "ते माझ्याकडं लागलं" म्हणायचे आणि खाली बसायचे. काम तिथंच संपायचं. कोंडिबा घंटा वाजवायचा आणि धोंडाबाई ही तुळजाबाईची धाकटी जाऊ. तुळजाबाई बोलते याचं तिघांनाही काही वाटत नसे. ओढा वाहतो, तशी ती बोलते.

वाटलं ते नव्या पाळकांना. शांतवन पाळक तरुण होते. नगरकडून एक पत्र्याची ट्रंक आणि एक बाजाची पेटी घेऊन आले होते. त्यांच्या खोलीची भिंत देवळाला लागून होती आणि शनिवारी सकाळी ते रविवारचा उपदेश लिहायला बसत. भिंतीपलीकडून तुळजाबाईचा सगळा पाढा जसाच्या तसा ऐकू यायचा. एकदा प्रीतीवर उपदेश लिहिताना 'प्रीती सहनशील आहे' याच्या पुढं त्यांच्या हातून 'लेंड्या' असा शब्द पडला, तेव्हा काहीतरी केलं पाहिजे असं त्यांनी ठरवलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी त्यांनी मंडळीला सांगितलं, "या वर्षात आपण देवासाठी काय करणार, हे प्रत्येकानं उभं राहून सांगावं. मनातल्या मनात ठरवलेलं मनातच राहतं."

हैबतराव अर्थातच पहिले उठले. "कुंपण," ते म्हणाले. "ते माझ्याकडं लागलं." कोंडिबा म्हणाला, घंटा वेळेवर वाजवीन. धोंडाबाई म्हणाली, जे कोणी आजारी पडतील त्यांना घरी जाऊन भेटेन, त्यांच्यापाशी बसेन. असे एकेक उठत गेले. तुळजाबाई दाराशी बसली होती, ती हळूच उठून पाण्याकडं निघाली.

"तुळजाबाई, तुमचं काय?" पाळकांनी विचारलं.

"माझं काय हाय त्यात? म्या झाडू मारते. ह्यांनी सांगितलेलं ह्यांनी केलं, तर माझा झाडू हलका हुईल, येवढंच."

मंडळीत हसू पिकलं. पाळकही हसले, आणि गंमतीच्या भरात बोलून गेले, "तुमच्या कामाला कोण नावं ठेवील? काम तेवढं चालू ठेवा, एक कुरकुर सोडा."

हसू एकदम मोठं झालं. त्यात तुळजाबाईचा नवरा कुशाबा तेवढा हसला नाही, कारण त्याला बायकोचा चेहरा दिसत होता.

"बरं," तुळजाबाई म्हणाली. "सोडली. वरीसभर."

पुढचा आठवडा वस्तीला जड गेला. तुळजाबाईनं शब्द पाळला. देवळात सारवताना गप्प, ओढ्यावर गप्प, घरात गप्प. पहिले दोन दिवस कुशाबाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो घाबरला. त्याला स्वतःला फार बोलायची सवय नव्हती. दोघांपुरतं तीच बोलायची. जेवताना भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा त्यानं धोंडाबाईला बोलावून आणलं. तिनं जावेच्या कपाळाला हात लावून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावली.

"ताप न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "जीभ बी जाग्यावर हाय."

खरं दुखणं पोटात होतं. बोलायचं आलेलं गिळून गिळून तुळजाबाईच्या पोटात गोळा उठला होता. देवळाच्या पायरीवर पुन्हा लेंड्या पडल्या होत्या, आणि त्या उचलताना हैबतराव समोरून "सलाम तुळजाबाई" म्हणत हात हलवत गेले. तिनं सलाम केला आणि तशीच पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, ह्ये मला जमत न्हाई. आतल्या आत साठतंय समदं. कुटं टाकू?"

पाळकांना तिची दया आली. नुसतं 'सोडा' म्हणून भागत नाही, सोडलेल्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, हे त्यांनाही तेव्हाच सुचलं. ते म्हणाले, "तुळजाबाई, कुरकुर तोंडाशी आली की तिथंच देवाचे आभार माना. जे वाईट दिसतं त्यातही आभार मानण्यासारखं काही ना काही असतंच. ते शोधा."

तुळजाबाईनं क्षणभर विचार केला. "मोठ्यानं मानलं तर चालतं का?"

"चालतं की. रविवारी आभाराच्या प्रार्थनेला उभ्या राहा. मंडळीत मानलेत तर फारच चांगलं. इतरांनाही वळण लागेल."

रविवारची उपासना संपायच्या आधी, उपदेशानंतर, ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवाचे आभार मानायचे अशी तिथली रीत होती. एरवी हैबतराव उठायचे आणि सूर्य, चंद्र, पाऊस आणि सरकार यांच्याबद्दल आभार मानून बसायचे. त्या रविवारी त्यांच्या आधी तुळजाबाई उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

"हे प्रभू, तुझे लई आभार. हैबतरावांनी अजून कुंपन घातलं न्हाई, तरी शेरडांनी पाळकसाहेबांची पेटी खाल्ली न्हाई. फकस्त गान्याच्या पुस्तकाची चार पानं खाल्ली. तीच गानी लई अवघड व्हती. म्हनून तुझे आभार."

"आमेन," मागून दोघातिघांनी सवयीनं म्हटलं. त्यात हैबतरावही होते. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"कोंडिबाला झोप चांगली लागती, ही तुझीच देनगी हाय. पुन्यातल्या मोठ्या लोकांना गाद्यांवर झोप येत न्हाई म्हनत्यात. आमच्या कोंडिबाला घंटेची दोरी हातात धरून उभ्याउभ्या येती. त्येच्याबद्दल तुझे आभार. माझी जाऊ आजाऱ्यांना भेटाया जाती. बुधवारी ती साळूबाईकडं दुपारभर बसली आन तापानं फनफनलेल्या साळूबाईनं उठून तिला तीनदा च्या करून दिला. च्या करन्यापुरती ताकद तू साळूबाईला दिलीस, म्हनून तुझे आभार. आन पाळकसाहेबांचा आजचा उपदेश," इथं ती जरा थांबली, "संपला, म्हनून तुझे लई लई आभार. येशूच्या नावानं मागते, आमेन."

या आमेनला कुणाचा आवाज आला नाही. पाळक पेटीशी बसले होते. त्यांना वाजवायचं गाणं आठवेना.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. तुळजाबाई आठवडाभर डोळे उघडे ठेवून हिंडायची. रानात लाकडं गोळा करावीत तशी आभाराची कारणं गोळा करायची आणि रविवारी मोळी सोडायची. तिच्या आवाजात कुठं टोचणी नसायची. उलट तो इतका नम्र असायचा की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हायचे. पोटातला गोळा तर पार गेला. कुशाबाचं जेवण पूर्ववत चालू झालं, कारण रविवारी काय म्हणायचं याची उजळणी ती घरात करायची, आणि ते ऐकताना तो दोन भाकरी जास्त खायचा.

महिन्याभरातच पंच पाळकांच्या खोलीवर आले. ट्रंकेवर आणि खाटेवर बसले. बोलायचं कुणी यावर थोडी ढकलाढकल झाली, मग हैबतराव म्हणाले, "साहेब, तिला कुरकुर करू द्या परत."

"का बरं?"

"कुरकुर परवडली. तिला उलट बोलता यायचं. प्रार्थनेला उलट कसं बोलायचं? ती डोळे मिटून देवाशी बोलतीया. मधी बोललो तर आम्हीच पापी."

"आन आमेन म्हनावं लागतंय ते निराळंच," कोंडिबा म्हणाला.

पाळकांनी हात जोडले. "मी पाळक आहे. देवाचे आभार मानू नका, असं मी कुणाला कसं सांगू? आणि काही खोटं बोलतात का त्या?"

शेवटी हैबतराव उठले आणि म्हणाले, "मग एकच उपाय दिसतोय." तो उपाय काय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळला.

त्याच शनिवारी हैबतराव खांद्यावर कुऱ्हाड घेऊन करवंदीची झुडपं तोडायला गेले. त्यांना तसं जाताना पाहून लोक दारात येऊन उभे राहिले. दोन शनिवारांत देवळाभोवती काटेरी कुंपण उभं राहिलं, हैबतरावांच्या हातावर ओरखडे उठले आणि शेरडं बाहेर उभी राहून आत बघायला लागली. धोंडाबाई आजाऱ्यांकडं जाताना घरून चहापत्ती आणि गूळ पदरात बांधून न्यायला लागली. पुढं पुढं ती तिथं भांडीही घासून द्यायची, आणि वाटेत जाऊ भेटली तर दोन्ही हात पुढं करून राखेनं पांढरी पडलेली बोटं दाखवायची. पाळकांचे उपदेश आखूड झाले, आणि आखूड झाल्यामुळं लोकांच्या लक्षात राहायला लागले. कोंडिबाची मात्र अडचण झाली. तो इतका धसकला की एका रविवारी त्यानं कोंबडं आरवायच्या आधीच घंटा वाजवली. वस्ती डोळे चोळत देवळापाशी जमली. त्या दिवशी तुळजाबाईनं पहाटेचा तारा आपल्याला किती वर्षांनी बघायला मिळाला याबद्दल देवाचे आभार मानले.

वैशाखात देवळाची कौलं चाळायची वेळ आली. दरवर्षी या कामाला दोन माणसं यायची आणि पाहुण्यासारखी वर बघत बसायची. त्या वर्षी घरटी एक माणूस आला. हैबतराव स्वतः शिडीनं वर चढले. एक कौल त्यांनी वाकडं बसवलं, खाली उतरले, शिडी दुसरीकडं नेली, थोडं थांबले, शिडी परत जागेवर आणली आणि वर जाऊन कौल सरळ केलं. खाली तुळजाबाई टोपल्यात फुटकी कौलं भरत होती. ती त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

सगळं सुधारलं, आणि तिथंच तुळजाबाईची पंचाईत झाली. भादव्यात तिला आभार मानायला काही सापडेना. शनिवारी ती देवळाभोवती फेऱ्या मारायची, कुंपणाचा काटान्काटा बघायची, घंटेची दोरी ओढून बघायची. एकदा तर माठाच्या बुडाशी कुठं चीर पडलीय का म्हणून तिनं तो उपडा करून बघितला. काही नाही. रविवारी ती उभी राहायची आणि पावसाबद्दल, पिकाबद्दल चार वाक्यं बोलून बसायची. लोक सुटल्यासारखं आमेन म्हणायचे. तिला मात्र कढीत मीठ विसरल्यासारखं वाटायचं.

भाताची झोडणी झाल्यावर उपकारस्तुतीचा सण असायचा. देवानं दिलेल्या पिकातलं थोडं थोडं सगळ्यांनी देवळात आणायचं: आंबेमोहोराच्या लोंब्या, भोपळे, घेवडा, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. गाणी व्हायची, मग देवळामागं चुली पेटवून सगळ्यांचं एकत्र जेवण. सणाच्या दोनच दिवस आधी भाताचं ओझं उचलताना तुळजाबाईच्या कमरेत उसण भरली. शुक्रवारी ती आडवी पडून होती. शनिवारी सकाळी कुशाबा घरात दिसला नाही. भिंतीला धरत, कण्हत, ती देवळाकडं निघाली. सणाचं सारवण राहिलं होतं, माठ रिकामे होते, आणि हे काम आपल्याशिवाय होणार नाही याबद्दल तिला खात्री होती.

दार उघडून बघते तर जमीन ओली. कुणीतरी सारवून ठेवली होती. सारवण बाईमाणसाच्या हातचं नव्हतं. कुठं शेणाचा थर बोटभर जाड, कुठं खालची माती तशीच. पंजाची वळणं इकडून तिकडं मन मानेल तशी गेलेली. माठ काठोकाठ भरलेले. भरताना सांडलेल्या पाण्यानं कोपऱ्यात चिखल झालेला. मागच्या पायरीवर कुशाबा बसला होता. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात तो पुढं धरून होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"तुमी सारवलंसा?"

"तुझी कंबर दुखती न्हवं," कुशाबा म्हणाला.

तुळजाबाईनं पुन्हा आत वळून बघितलं. एवढ्या दिवसांनी एवढं काही सापडलं होतं, की तीन रविवार पुरलं असतं. पण तिची नजर परत कुशाबाच्या हातांकडं गेली. वस्तीतल्या एकूण एक माणसाला तिनं या वर्षात देवापुढं उभं केलं होतं. हा एकटा राहिला होता. राहिला, कारण त्याच्या हातून चुकलं असं काही नव्हतं, आणि न चुकलेल्याबद्दलही आभार मानता येतात ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती.

"उठा," ती म्हणाली. "हात धुवा. वाळलं म्हंजे निघायचं न्हाई."

सणाच्या दिवशी देऊळ भरून गेलं. पुढं भोपळ्यांचा ढीग, लोंब्यांचे झेले, मधेच एखादी कोंबडी आपलं मत द्यायची. आभाराची वेळ आली आणि तुळजाबाई कमरेवर हात ठेवून उठली. लगेच सगळे सावरून बसले. वर्षातला मोठा दिवस होता, ती काहीतरी राखून ठेवणारच. हैबतरावांनी खिडकीतून कुंपणाकडं एकवार नजर टाकली.

"हे प्रभू," तुळजाबाई म्हणाली, आणि थांबली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, मग ते प्रार्थनेत तरी कसं घ्यायचं? "आमच्या घरात जे हायेत, तुला ठावं हाय कोन ते. त्यांनी काल ह्ये देऊळ सारवलं. पानी भरलं. कुनी सांगितलं नव्हतं. म्हनून तुझे आभार."

मंडळी वाट बघत राहिली. 'तरी' यायचं होतं अजून. सारवण कसं झालंय ते सगळ्यांना बसल्याबसल्या टोचत होतं. 'तरी' आल्याशिवाय राहणार नव्हतं. एक कोंबडी बोलली आणि गप्प झाली.

"पुढं?" कोंडिबानं हळूच विचारलं.

"पुढं काय न्हाई," तुळजाबाई डोळे मिटूनच म्हणाली. "आमेन."

ती बसली. पुरुषांच्या बाजूला कुशाबा मान खाली घालून सारवणाकडं बघत होता. त्याचा चेहरा पार कानापर्यंत तांबडा झाला होता. तेवढ्यात धोंडाबाई उठली. ती कधी मंडळीत प्रार्थना करत नसे, त्यामुळं तिचा पदर दोनदा घसरला.

"प्रभू, माझ्या जाऊबाईंची कंबर बरी कर. तिच्याबिगर आमच्याकडं येवढं बघायला कुनाला येळ न्हाई. तिनं बघितलं म्हनून मी सुधारली, न्हाई म्हनलं तरी. म्हनून आभार. आन तिला आजच्या दिवस पानी भरू दिऊ नको, आमी भरू. आमेन."

"आमेन," सगळं देऊळ म्हणालं. या वेळी कुणाच्या सवयीतून आलेलं नव्हतं ते.

तुळजाबाईला काय करावं कळेना. आजवर तिच्याकडं तोंड करून कुणी असं बोललं नव्हतं. ती भातावर लक्ष ठेवायच्या निमित्तानं उठली आणि देवळामागच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली. भात अजून चढवलेलाही नव्हता. तिनं रिकाम्या चुलीत लाकडं सारली, जाळ केला आणि धूर लागला म्हणून डोळे पुसले.

जेवणं उरकल्यावर दोघं नवराबायको घराकडं निघाली. कुशाबा पुढं चालला होता, पण नेहमीसारखा लांब नाही. मधून मधून थांबत होता. बांधापाशी ती त्याच्या बरोबरीला आली.

"आवो, कायतरी म्हना की," तुळजाबाई शेवटी म्हणाली. "येवढं मंडळीत उभं राहून बोलले."

"काय म्हनू?" कुशाबा म्हणाला. "समदी माझ्याकडं बघत व्हती."

"बघू द्या की मग."

"सदऱ्याला गुंडी न्हाई."

तुळजाबाईनं त्याला खांद्याला धरून वळवलं. खरंच वरची गुंडी नव्हती. सगळ्या सणभर तो गळा उघडा टाकून बसला होता. "सकाळी सांगायला काय झालं व्हतं?" ती म्हणाली. "तोंड दिलंय ना देवानं? मी काय सदरा अंगावर चढल्यावर आत शिरून बघू? लोक म्हनत्याल, देवळाची काळजी करती आन घरच्या मानसाला गुंडी न्हाई. दोरा कुटं ठिवलाय त्यो बी तुमालाच ठावं, मागल्या वेळी तुमीच घेतला व्हता गोधडीला..."

घर येईपर्यंत ती बोलत होती, आणि कुशाबा तिच्या कमरेला झेपेल अशा बेतानं हळूहळू चालत होता. दारात पाय ठेवल्यावर तिला एकदम कुरकुर सोडल्याचा शब्द आठवला. वर्ष संपायला अजून तीन-चार आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाळकांकडं गेली आणि काय झालं ते सांगितलं. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. "तुळजाबाई," ते म्हणाले, "माझ्या बाजूनं तुमचं वर्ष काल संपलं."

"आजून नाताळ व्हायचाय साहेब."

"असू द्या. नाताळच्या तयारीला तुमची कुरकुर लागेलच. हैबतराव म्हणत होते, मंडपाचं त्यांच्याकडं लागलं."

तुळजाबाईनं कपाळाला हात लावला. मग कमरेवर हात ठेवून, मंडपाचे बांबू कुठून आणायचे, खड्डे कुणी खणायचे आणि हैबतरावांना त्या खड्ड्यांजवळ उभं तरी राहू द्यायचं का, हे सगळं बोलत बोलत ती त्यांच्या घराच्या दिशेनं निघाली.